व्हर्च्युअल मशिनचा बाहेरगावी बॅकअप: टीबीच्या भावाआधी परतीचा हिशेब

लातूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका डाळ मिलचे संगणक सांभाळणाऱ्या गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मिलमध्ये एकच सर्व्हर असून त्यावर प्रॉक्समॉक्स (एका यंत्रावर अनेक संगणक चालवणारे सॉफ्टवेअर) आहे आणि चार व्हर्च्युअल मशिन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले संगणक, चालतात. एकावर डोमेन कंट्रोलर (सगळ्या संगणकांची खाती व पासवर्ड सांभाळणारा), दुसऱ्यावर टॅली, तिसऱ्यावर एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेससह वजनकाटा व खरेदी-विक्रीचे सॉफ्टवेअर आणि चौथ्यावर कार्यालयाच्या सामायिक फायली आहेत. चौघांनी मिळून ९०० जीबी जागा व्यापली आहे. रोज रात्री सगळ्याचा पूर्ण बॅकअप त्याच खोलीतील नॅसवर (जाळ्याला जोडलेल्या साठवणीच्या पेटीवर) जातो. बाहेर एक प्रत ठेवण्यासाठी मालकांनी महिना अडीच हजार रुपये आणि एकदाच्या खरेदीसाठी तीस हजार रुपये मंजूर केले आहेत. इंटरनेटचा वेग डाउनलोडला १०० आणि अपलोडला ३० एमबीपीएस आहे. टीबीमागे (एक टीबी म्हणजे हजार जीबी) महिना १ डॉलरच्या आसपास दर असलेली एक क्लाउड साठवण त्यांना सापडली आहे, ती घ्यावी की आणखी स्वस्त काही आहे, असे ते विचारतात. मिलची एक शाखा आणि लहान कार्यालय उदगीरला आहे, हेही त्यांनी जाता जाता सांगितले आहे. माझ्या दृष्टीने त्यांच्या प्रश्नातील सर्वांत उपयोगी वाक्य तेच आहे.

गेली अठरा वर्षे मी छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर या पट्ट्यातील लहान कारखान्यांचे सर्व्हर सांभाळतो आहे. जागेचा भाव हा या निर्णयातील सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी महत्त्वाचा आकडा असतो, असे माझे मत या कामातून बनले आहे. त्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. सर्व्हर गेला त्या दिवशी ही प्रत कोणत्या वाटेने आणि किती तासांत मिलमध्ये परत येणार, ही पहिली. तुमच्या सर्व्हरचा पासवर्ड ज्याच्या हाती लागला त्याला ही बाहेरची प्रत पुसता येते का, ही दुसरी. या दोन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तरच भावांची तुलना करण्यात अर्थ आहे, कारण परत न येणारी किंवा सर्व्हरबरोबरच पुसली जाणारी प्रत फुकट मिळाली तरी महागच पडते.

दुसरी गोष्ट मी आधी घेतो, कारण तिची किंमत मी स्वतः पाहिली आहे. जालना जिल्ह्यातील एका जिनिंग मिलमध्ये रोजचा बॅकअप मीच लावून दिला होता. सर्व्हरवरून नॅसवर एक प्रत जाई, आणि नॅसला कायम जोडून ठेवलेल्या यूएसबी डिस्कवर दुसरी. कापसाची आवक जोरात असताना एका रविवारी पहाटे कोणीतरी उघड्या ठेवलेल्या रिमोट डेस्कटॉपच्या (दुरून संगणक चालवण्याच्या सोयीच्या) वाटेने आत शिरले आणि त्याने डोमेनच्या मुख्य पासवर्डवर ताबा मिळवला. नॅसवरचे फोल्डर त्याच पासवर्डने उघडत होते. सोमवारी सकाळी सर्व्हरवरच्या, नॅसवरच्या आणि यूएसबी डिस्कवरच्या सगळ्या फायलींची नावे एकसारखी बदललेली होती आणि एकही उघडत नव्हती. तीन ठिकाणच्या तीन प्रती, पण तिन्हींना एकच किल्ली लागत होती. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती तपासण्यासाठी आमच्या कार्यालयात आणलेली तेवीस दिवस जुनी एक प्रत सापडली, म्हणून ती मिल उभी राहिली. मधल्या तेवीस दिवसांच्या साडेतीन हजारांच्या आसपास काटापट्ट्या पिवळ्या कार्बन प्रतींवरून पुन्हा भराव्या लागल्या. मुनीम एकेक पट्टी हातात घेऊन गाडी नंबर, भरलेले वजन, रिकामे वजन मोठ्याने वाचत होते आणि दोन मुले टाइप करीत होती. काही पट्ट्यांवरचा कार्बन इतका पुसट होता की ३ आणि ८ यांतला फरक कळण्यासाठी त्या दिव्यासमोर धराव्या लागत. ज्या शेतकऱ्यांचे पैसे द्यायचे बाकी होते ते हे काम चालले त्या नऊ दिवसांत रोज दाराशी येऊन बसत असत. त्या मिलनंतर मी बॅकअपची मांडणी मुळापासून बदलली.

एकच किल्ली किती खोल जाऊ शकते याचे मोठे उदाहरण २७ जून २०१७ चे आहे. नॉटपेट्या या विध्वंसक प्रोग्रॅमने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे जाळे बंद पाडले आणि आपल्याकडे जेएनपीटी बंदरातील तिच्या टर्मिनलचे कामही थांबले. कंपनीचे डोमेन कंट्रोलर एकमेकांच्या प्रती ठेवत असल्यामुळे त्यांचा वेगळा बॅकअप नव्हता आणि ते सगळे एकदम गेले. वाचला तो घानातील कार्यालयातला एक, कारण त्या वेळी तिथली वीज गेलेली असल्यामुळे तो जाळ्यापासून तुटलेला होता. म्हणून तुमच्या चार मशिनपैकी डोमेन कंट्रोलर आकाराने सर्वांत लहान आणि रोजच्या कामात नजरेआड असला, तरी तो बाहेरच्या प्रतीतून वगळू नका.

आता परतीचा हिशेब. जी १ डॉलरची साठवण तुम्हाला सापडली आहे ती वर्णनावरून ॲमेझॉनची ग्लेशियर डीप आर्काइव्ह असावी. ती वाईट वस्तू नाही, पण ती तुमच्या कामासाठी बनवलेली नाही. तिथे ठेवलेली फाइल मागितल्याबरोबर मिळत नाही. नेहमीच्या पद्धतीत ती वाचण्यायोग्य होण्यास १२ तासांपर्यंत आणि स्वस्त पद्धतीत ४८ तासांपर्यंत थांबावे लागते. ठेवलेली वस्तू १८० दिवसांआधी काढली तरी १८० दिवसांचे भाडे द्यावे लागते, त्यामुळे रोज बदलणाऱ्या बॅकअपला ती महाग पडते. अमेरिकेतील प्रदेशातून माहिती बाहेर आणण्याचा दर जीबीला सुमारे ९ सेंट आहे, म्हणजे एक टीबी परत आणायला ९० डॉलर, शिवाय वाचण्यायोग्य करण्याचे शुल्क वेगळे. पाच वर्षांच्या भाड्याहून जास्त रक्कम एका दिवसात भरण्याचा हा व्यवहार होतो, आणि तोही मिल बंद असण्याच्या दिवशी.

वेगाचा हिशेब कागदावर करून पाहा, तो फार शिकवतो. ३० एमबीपीएसच्या अपलोडवर ९०० जीबी चढवायला अडखळण न येता सुमारे ६७ तास लागतात, म्हणजे जवळपास तीन दिवस. सध्या तुमचा प्रॉक्समॉक्स नॅसवर दर रात्री सगळ्याची नवी पूर्ण फाइल बनवतो आहे. ती फाइल रोज बाहेर पाठवणे या वेगाने शक्यच नाही, मग साठवण कोणाचीही घ्या. त्यामुळे जागा निवडण्याआधी पद्धत बदलावी लागेल, आणि रोज फक्त बदललेला भाग बाहेर जाईल अशी व्यवस्था करावी लागेल. अशा आकाराच्या मिलमध्ये रात्रीचा बदललेला भाग माझ्या अनुभवात १० ते १५ जीबी असतो. १२ जीबी धरले तर ३० एमबीपीएसवर ५३ मिनिटे लागतात. हे रोज रात्री आरामात बसते.

यासाठी तुम्ही प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर वापरावा असे मी सुचवतो. त्याची पहिली स्थिर आवृत्ती नोव्हेंबर २०२० मध्ये आली. तो मुक्त परवान्याचा आहे आणि वर्गणी न भरताही पूर्ण चालतो. तो व्हर्च्युअल डिस्कचे ४ एमबीचे तुकडे करतो आणि जो तुकडा आधीच साठवलेला आहे तो पुन्हा साठवत नाही. चारही मशिनवर विंडोजच्या त्याच फायली असल्यामुळे तुमचे ९०० जीबी, दाबून आणि पुनरावृत्ती काढून, पाचशे-सहाशे जीबीत बसण्याची शक्यता आहे, मात्र चौथ्या मशिनवर स्कॅन केलेली चित्रे किंवा कॅमेऱ्याची चित्रणे जास्त असतील तर एवढी बचत होणार नाही. कॅमेऱ्याची चित्रणे त्या मशिनवर असलीच तर ती आधी तिथून हलवा, कारण त्यांच्यासाठी बाहेरगावची जागा खर्च करण्याचे कारण नाही. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे ती दिसली की घाबरायला होणार नाही. मशिन चालू असते तोवर कोणते तुकडे बदलले याची नोंद चालू राहते आणि रात्रीचा बॅकअप काही मिनिटांत संपतो, पण लाइट जाऊन मशिन बंद पडले की ती नोंद पुसली जाते आणि पुढच्या रात्री पूर्ण डिस्क पहिल्यापासून वाचली जाते. त्या रात्री वेळ जास्त लागतो, तरी साठवला जातो तो बदललेला भागच.

मांडणी अशी करा. मिलमध्येच, पण सर्व्हरच्या खोलीत नव्हे, वजनकाट्याच्या केबिनमध्ये किंवा कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर एक लहान मशिन बॅकअप सर्व्हर म्हणून ठेवा. जुना डेस्कटॉप चालतो. फक्त डिस्क नव्या घ्या आणि त्या दोन एकमेकींच्या प्रती राहतील अशा जोडा. असेच दुसरे मशिन उदगीरच्या कार्यालयात ठेवा. दोन्हीसाठी मंजूर तीस हजार पुरतील की नाही हे हाताशी कोणते जुने मशिन आहे यावर ठरेल. पुरत नसतील तर पहिल्या मशिनची जबाबदारी काही महिने नॅसकडेच ठेवा आणि उदगीरचे मशिन आधी उभे करा. उदगीरच्या मशिनला सतत ४० वॅट लागतात असे धरले तर महिन्याला २९ युनिट, म्हणजे तीनशे-चारशे रुपयांची वीज. मालकांच्या अडीच हजारांतले दोन हजार यानंतरही उरतात आणि ते कुठे लावायचे ते पुढे सांगतो.

या मांडणीचा गाभा दिशेत आहे. मिलच्या मशिनने उदगीरला प्रत पाठवायची नाही, तर उदगीरच्या मशिनने मिलमधून ती ओढून घ्यायची. यामुळे उदगीरचा पासवर्ड मिलमधल्या कोणत्याही संगणकावर साठवावाच लागत नाही. उलट मिलच्या बॅकअप सर्व्हरवर उदगीरसाठी जे खाते काढाल त्याला फक्त वाचण्याचा अधिकार द्या, त्यासाठी डेटास्टोअर रीडर ही भूमिका पुरते. मूळ सर्व्हर ज्या खात्याने बॅकअप पाठवतो त्याला डेटास्टोअर बॅकअप ही भूमिका द्या. त्या भूमिकेत नवी प्रत ठेवता येते आणि परत घेता येते, पण जुन्या प्रती छाटता येत नाहीत. उदगीरच्या कामात ‘मूळ ठिकाणी नाहीसे झाले ते इथूनही काढा’ असा जो पर्याय आहे तो बंदच ठेवा. दोन्ही बॅकअप मशिन डोमेनला जोडू नका, त्यांचे पासवर्ड वेगळे ठेवा, आणि त्यांचे ८००७ हे पोर्ट (जोडणीचे दार) थेट इंटरनेटवर उघडू नका. दोन कार्यालयांमध्ये वायरगार्डचा बोगदा (व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी खासगी जोडणी) टाका. त्यासाठी एका बाजूला स्वतःचा सार्वजनिक आयपी लागतो. घरगुती जोडणीवर तो बहुधा मिळत नाही, म्हणून मिलच्या बाजूला स्थिर आयपीची मागणी करा. उदगीरची जोडणी घरगुती असेल तर तिची महिन्याची मर्यादाही पाहून घ्या. रोजच्या १२ जीबीने महिन्याला ३६० जीबी होतात, ते अनेक योजनांत बसतात.

पहिली पूर्ण प्रत मात्र इंटरनेटवरून पाठवू नका. उदगीरचे मशिन आधी आठ दिवस मिलमध्येच ठेवा, स्थानिक जाळ्यावर पहिली प्रत भरू द्या, मग ते गाडीत नीट गुंडाळून उदगीरला न्या आणि तिथून पुढे फक्त रोजचा फरक ओढू द्या. लातूर-उदगीर अंतर साठ-सत्तर किलोमीटर आहे आणि हाच रस्ता परतीच्या दिवशीही उपयोगी पडतो. सर्व्हर जळाला तर पाचशे-सहाशे जीबी १०० एमबीपीएसवर उतरवायला कागदावर अकरा ते तेरा तास आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतील. पण उदगीरचे मशिन गाडीत घालून दोन तासांत मिलमध्ये आणता येते आणि स्थानिक जाळ्यावर तीन-चार तासांत सगळे परत मिळते. प्रॉक्समॉक्समध्ये प्रत परत येत असतानाच मशिन सुरू करण्याची सोयही आहे, त्यामुळे काट्यावर उभ्या असलेल्या गाड्यांसाठी तिसरे मशिन सर्वांत आधी उठवता येते. तो दिवस येईल तेव्हा हे सगळे कोणत्या यंत्रावर चढवणार, हेही आज ठरवा. ३२ जीबी मेमरी असलेला एखादा साधा संगणक कार्यालयात वापरात असेल तर तो पहिले दोन-तीन दिवस काटा आणि टॅली ओढू शकतो.

उदगीरच्या जागेबद्दल थोडे. मशिन कार्यालयाच्या खोलीत ठेवा, गोदामात नको. डाळीची चुरी आणि भुसा पंख्यात बसतो आणि पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात डिस्क लवकर मरतात. लहान यूपीएस लावा आणि वीज आल्यावर मशिन आपोआप सुरू होईल असे त्याच्या बायॉसमध्ये ठरवून ठेवा, कारण शाखेतला माणूस ते बटण दाबेल या भरवशावर मी दोनदा फसलो आहे. मशिन जमिनीवर ठेवू नका. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात किती कार्यालयांत पाणी शिरले हे आपण पाहिले आहे, आणि पाणी पहिल्यांदा पोहोचते ते टेबलाखालच्या यंत्रापर्यंत.

आता उरलेल्या दोन हजारांकडे. उदगीर आणि लातूर एकाच जिल्ह्यात आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जे घडले ते आठवणाऱ्या माणसाला एकाच जिल्ह्यातल्या दोन प्रती पुरेशा वाटणार नाहीत. म्हणून तिसरी प्रत या भागाच्या पूर्ण बाहेर असावी, पण ती ९०० जीबींची असण्याची गरज नाही. ज्याच्यावाचून मिल उभीच राहणार नाही ते आकाराने लहान असते. एसक्यूएलचा डेटाबेस, टॅलीचे डेटा फोल्डर, परवाने, करार आणि बँकेची कागदपत्रे, डोमेन कंट्रोलरची एक प्रत हे सगळे मिळून पन्नास-साठ जीबीत बसते. विंडोज पुन्हा टाकता येते, काटापट्टी पुन्हा मिळत नाही. हा लहान भाग रेस्टिकसारख्या मुक्त साधनाने कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करून क्लाउडच्या ऑब्जेक्ट साठवणीत रोज पाठवा. ॲमेझॉनच्या मुंबई प्रदेशात साध्या साठवणीचा दर जीबीला महिना सुमारे अडीच सेंट आहे, म्हणजे ६० जीबीला दीड डॉलर. परत आणताना महिन्याला पहिले १०० जीबी फुकट आहेत, त्यामुळे एवढी प्रत परत आणण्याचा खर्च जवळपास शून्य येतो. सगळेच्या सगळे क्लाउडवर ठेवायचे असेल तर बॅकब्लेझच्या बी२ या साठवणीचा दर ऑक्टोबर २०२३ मध्ये टीबीला महिना ६ डॉलर झाला आणि साठवलेल्या मालाच्या तिप्पट माहिती दर महिन्याला फुकट परत आणता येते. परतीच्या हिशेबाने हा दर मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, फक्त तिची केंद्रे अमेरिका, कॅनडा आणि युरोपात आहेत. वसाबी या कंपनीचा दरही सोपा आहे, पण तिथे ठेवलेल्या वस्तूला नेहमीच्या योजनेत किमान ९० दिवसांचे भाडे पडते, ते धरून तुलना करा. दर बदलत असतात, म्हणून घेण्याच्या दिवशी तिन्ही पाने पुन्हा उघडून पाहा.

केंद्र भारतात असण्याचा मुद्दा काहींना औपचारिक वाटतो, पण तुमची मिल प्रायव्हेट लिमिटेड असेल तर तो कायद्याचा आहे. कंपनी लेखा नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील हिशेबवह्यांचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवावा लागतो. त्याआधी तिथे ‘ठरावीक काळाने’ असे शब्द होते. कंपनी कायद्यानुसार हिशेबवह्या आठ आर्थिक वर्षे जपाव्या लागतात. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात आणि हा नियम मालकी किंवा भागीदारीच्या मिललाही लागू आहे. उदगीरचे मशिन भारतातच आहे, त्यामुळे रोजच्या प्रतीची अट त्यानेही भागावी असे मला वाटते, पण तुमच्या सीएंना एकदा लेखी विचारून घ्या. आमच्याकडे दरवर्षी ३१ मार्चचे खाते बंद झाले की टॅलीची आणि डेटाबेसची एक वेगळी प्रत काढून ती छाटणीतून कायमची वगळतो.

क्लाउडच्या बाबतीतही किल्लीचा प्रश्न तोच आहे. सर्व्हरवर ठेवलेल्या क्लाउडच्या किल्लीला फायली लिहिण्याचा अधिकार असावा, कायमच्या पुसण्याचा नसावा. ऑब्जेक्ट लॉक ही सोय सुरू केली की ठरवलेल्या मुदतीपर्यंत प्रत पुसता येत नाही. तिच्या कंप्लायन्स प्रकारात तर खात्याचा मालकही मुदतीआधी पुसू शकत नाही, म्हणून आधी एका दिवसाची मुदत देऊन पाहा आणि मग ३० दिवसांवर जा. चुकून तीन वर्षांची मुदत पडली तर तीन वर्षे भाडे भरावे लागेल.

किती जुन्या प्रती ठेवायच्या हे तुमच्या कामावर अवलंबून आहे. मी साधारणपणे १४ दिवसांच्या, ८ आठवड्यांच्या आणि १२ महिन्यांच्या प्रती ठेवतो. फक्त सात दिवसांच्या प्रती ठेवणे मला पटत नाही, कारण डेटाबेसमधला एखादा तक्ता बिघडला तर ते महिनाअखेरीच्या हिशेबापर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही, आणि तोवर सातही प्रती बिघडलेल्याच असतात.

तिसऱ्या मशिनसाठी एक खास काळजी घ्या. चालू डेटाबेसची नुसती डिस्क उचलली तर ती अर्धवट अवस्थेत सापडू शकते. मशिनमध्ये क्यूईएमयू गेस्ट एजंट बसवा, म्हणजे बॅकअपच्या क्षणी विंडोज लिहिणे थांबवून डिस्क सुसंगत करून देते. तरीही मी केवळ त्यावर विसंबत नाही आणि व्हर्च्युअल मशिनच्या बॅकअपआधी अर्धा तास एसक्यूएलचा स्वतःचा पूर्ण बॅकअप फाइलमध्ये काढतो. तुमच्याकडे एक्सप्रेस आवृत्ती असण्याची शक्यता आहे. तिच्यात वेळापत्रकाची सोय नसते, म्हणून विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून ती आज्ञा चालवावी लागते, आणि अनेक ठिकाणी नेमके हेच राहून गेलेले मी पाहिले आहे.

उदगीरची प्रतही कुलूपबंद केलीत आणि कुलपांची किल्ली फक्त सर्व्हरवर असेल तर सर्व्हरबरोबर तीही जाईल आणि दोन्ही बाहेरच्या प्रती असून नसल्यासारख्या होतील. प्रॉक्समॉक्स बॅकअपमध्ये किल्ली कागदावर छापून घेण्याची सोय आहे, तिच्यावर वाचता येणारा क्यूआर कोडही असतो. तो कागद दोनदा छापा. एक मालकांच्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि दुसरा बंद पाकिटात सीएंकडे द्या. रेस्टिकचा पासवर्ड त्याच पाकिटात लिहून ठेवा.

चाचणीविना यातले काहीही खरे धरू नका. बॅकअप सर्व्हरमधली पडताळणी आठवड्याला एकदा चालू द्या, पण ती फक्त तुकडे शाबूत आहेत एवढेच सांगते. दर तीन महिन्यांनी तिसरे मशिन जाळ्यापासून तोडून परत उठवा आणि मुनिमांना सांगून मागच्या आठवड्यातली कोणतीही एक काटापट्टी त्यात उघडून दाखवा. ती पट्टी, तारीख आणि लागलेला वेळ एका नोंदवहीत लिहा. वर्षातून एकदा चारही मशिन उदगीरच्या प्रतीवरून उठवण्याची पूर्ण तालीम करा. लातूरकडे त्यासाठी मी ‘वेळ अमावस्या’ या शेतकऱ्यांच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी काम सुरू करतो, कारण दुसऱ्या दिवशी अख्खे गाव शेतावर असते, मिल बंद असते आणि चुकले तरी कोणाची गाडी काट्यावर अडत नाही. गेल्या वेळी एका ठिकाणी अशा तालमीत कळले की सॉफ्टवेअरचा परवाना जुन्या सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाशी बांधलेला होता आणि नव्या यंत्रावर तो चालतच नव्हता. ते त्या संध्याकाळी कळले, म्हणून एका फोनवर सुटले.

प्रॉक्समॉक्सऐवजी मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही वापरणाऱ्यांना हीच मांडणी वीम या बॅकअप सॉफ्टवेअरच्या मोफत कम्युनिटी आवृत्तीने करता येईल, ती १० मशिनपर्यंत चालते. व्हीएमवेअरच्या फुकट ईएसएक्सआयवर मात्र बॅकअपसाठी लागणारे दरवाजे बंद असतात, त्यामुळे तिथे आधी मंच बदलण्याचा विचार करावा.

तुमच्याकडून मला दोन आकडे हवे आहेत. रात्री अकराच्या पुढे मिलच्या जोडणीचा अपलोड वेग सलग तीन रात्री मोजा, आणि बॅकअप सर्व्हर लावल्यानंतर पहिल्या आठवड्यात रोज किती जीबी नवे साठले ते लिहून ठेवा. रोजचा बदल ५० जीबींच्या वर निघाला तर ३० एमबीपीएसवर पावणेचार तास लागतील, आणि तो बहुतेक वेळा एसक्यूएलच्या जुन्या बॅकअप फायली त्याच मशिनवर साचल्यामुळे असतो. ते आधी तपासू. तोपर्यंत आज संध्याकाळी एवढी दोनच कामे करा: नॅसच्या बॅकअप फोल्डरचा पासवर्ड डोमेनपासून वेगळा करा, आणि एका यूएसबी डिस्कवर पूर्ण प्रत काढून, केबल सोडवून, ती मालकांच्या घरी पाठवा.